ताईच्या सायकलीचे डावे पेडल

माझ्या थोरल्या बहिणीचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटे आखूड आहे. ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलून दाखवीत नाही. त्याचे कारण संकोच हे नव्हे. त्या गोष्टीची कोणाला आठवणच राहत नाही, हे खरे कारण होय. चालताना ताई किंचित झुकते, परंतु एकदा सायकलवर बसली की तिचे दोन्ही पाय सारख्याच ऐटीने फिरतात, आणि तिच्या शिवणवर्गातील मुली दारात उभ्या राहून म्हणतात, "आल्या बाई, घंटा वाजली बघ!"

ही किमया ज्या वस्तूमुळे घडत असे ती वस्तू म्हणजे तिच्या सायकलीचे डावे पेडल. आमचे वडील एका कारखान्यात लेथवर काम करीत. त्यांनी मोडक्या स्टुलाच्या पायाचा तुकडा कापून त्याचा ठोकळा ताईच्या पेडलवर बसविला होता. तो काही एका बैठकीत झाला नाही. रोज संध्याकाळी ताई एक फेरी मारून आली की वडील विचारीत, "आज कुठं दुखलं?" ती कंबर म्हणाली की ते कानस घेऊन ठोकळ्याची एक बाजू उतरवीत. ती गुडघा म्हणाली की स्वतःच्या जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा कापून त्याचा थर वर ठोकीत. ती वाढली तसा ठोकळाही बदलत गेला. अखेर एके दिवशी ती म्हणाली, "आज कुठंच नाही." तेव्हा त्यांनी आरपार रिबिटा मारून तो ठोकळा पेडलला कायमचा जखडून टाकला. त्याची उंची उजव्या पेडलशी, जे जुन्या घडणीचे व जाड रबराचे होते, ताडून घेतलेली होती. त्यामुळे ती दोन्ही पेडले म्हणजे एक जोडी झाली होती. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता.

वडील जाऊन बराच काळ लोटला. ताईने लग्न केले नाही. ती माझ्याच घरी राहते, किंवा ती म्हणते त्याप्रमाणे मी तिच्या घरी राहतो. नदीपलीकडे तिचा शिवणवर्ग आहे. दुपारनंतर ती लोकांच्या घरोघरी मापे घेण्यास जाते. हे सर्व त्या सायकलीवर चालले होते.

असे असता एके दिवशी पुलाच्या उतारावर तिच्या सायकलीच्या हँडलखालच्या नळ्याला चीर गेली. ताई सायकल ढकलत घरी आली. माझी बायको धावत बाहेर गेली.

"वन्सं, पडलात काय?"

"पडले नाही गं, उतरले," ताई म्हणाली, आणि सायकल भिंतीला लावून मगच तिने घाम पुसला.

नळा आतून गंजलेला होता, त्यामुळे वेल्डिंग टिकण्यासारखे नव्हते. ताईने नवी सायकल घेतली. ती घरी आली त्या संध्याकाळी आम्ही तिघे बोळात उभे राहिलो आणि ताई मोठ्या हौसेने सीटवर चढली. उजव्या पायाने तिने एक रेटा दिला. डावे पेडल खाली गेले, आणि तिचा डावा पाय त्याच्या मागे जाऊ शकला नाही. तो हवेतच राहिला. माझी बायको, चुलीवर काहीतरी उतू गेले असावे अशा घाईने, आत निघून गेली. चुलीवर काहीही नव्हते.

"जुनं पेडल काढून याला लावू, त्यात काय!" मी म्हणालो.

हे वाक्य मी ज्या सहजतेने उच्चारले, त्या सहजतेचे प्रायश्चित्त मला पुढे भोगावे लागले.

मी एका छापखान्यात बाइंडर आहे. ताईचा वर्ग माझ्या वाटेवरच पडतो, म्हणून पेडल निघेपर्यंत मी तिला माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसवून नेऊ लागलो. ती कात्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन, एका बाजूस दोन्ही पाय सोडून बसे. पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात एका मुलीने विचारले, "बाई, आज तुम्हाला सोडायला आले?" विचारणाऱ्या मुलीच्या मनात काहीही वाकडे नव्हते. परंतु दुसऱ्या दिवशी वर्गाच्या अलीकडचे वळण येताच ताईने माझ्या पाठीवर दोन बोटे टेकली.

"इथंच थांब, छोट्या. पुढं मी चालत जाते."

माझे केस पिकले असले तरी तिच्या लेखी मी छोट्याच आहे. मी थांबलो. ती उतरली आणि पिशवी खांद्याला लावून झुकत झुकत चालू लागली. घरोघरी मापे घेण्याचे काम तर तिने बंदच केले. बायकोने एकदा सुचविले, "हे छापखान्यातून सुटले की तुम्हाला नेतील ना, वन्सं." त्यावर ताई एवढेच म्हणाली, "मी गाठोडं आहे का गं?"

तेव्हा त्या पेडलवर काय अवलंबून आहे, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मी जुनी सायकल मिस्त्रीकडे नेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान आहे. कोणीही गिऱ्हाईक आले की तो मान वर न करता "थांबा" म्हणतो, म्हणून सगळे त्याला थांबामिस्त्री म्हणतात. मनुष्य मोठा मनमिळाऊ. त्याने सायकल पालथी घातली, म्हणजे सीट आणि हँडल जमिनीवर व चाके आकाशाकडे केली, पेडलच्या आसाला पाना लावला, रॉकेल सोडले, पाना ठोकला, पुन्हा रॉकेल सोडले. पेडल हलले नाही. जोर लावला की ज्या दांड्यात ते पेडल पिळून बसवले होते तो दांडाच गरगर मागे फिरे. त्याने दांड्यात लाकडाची फळी अडकविली, तर ती फळी मोडली.

"बाइंडर, आत आटे गंजून एकजीव झालेत," तो म्हणाला. "कित्येक वर्षांत ग्रीस लागलं नाही ह्याला. तापवलं असतं, पण तापवलं तर तुमचा ठोकळा जळतो."

"मग अख्खा दांडाच काढून नव्या सायकलीला लावा."

"नाही जमत. ह्या दांड्याचं भोक गोल, नव्या सायकलीचा आस चौकोनी. पेडलचे आटे मात्र तेच आहेत, ते बसेल. पण निघालं तर बसेल ना?" थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "आस करवतीनं कापतो. मग रिबिटा तोडून ठोकळा सोडवू. जेवढा वाचेल तेवढा नव्या पेडलवर बसवू."

"जेवढा वाचेल तेवढा म्हणजे?"

"लाकूड जुनं आहे. रिबिटा तोडताना फाटलं तर मला बोलू नका." माझा चेहरा पाहून तो नरमला. "रविवारी संध्याकाळी करवत घेऊन येतो तुमच्याकडे. तोवर बघा, देवाच्या मनात असलं तर सुटेल."

मी देवाच्या मनावर विसंबून राहणारा नव्हतो, कारण माझ्याजवळ वडिलांचा मंत्र होता. पेडले कशी सोडवावी हे त्यांनी मला लहानपणी शिकविले होते. उजवे पेडल एका दिशेने सुटते, डावे उलट दिशेने. त्यात मुलांचा गोंधळ होतो. म्हणून त्यांनी मला एकच सांगितले होते: "पाना वर उभा धर आणि मागच्या चाकाकडे ओढ. उजवं असो की डावं, सुटणारच." हे वाक्य मी आयुष्यभर जपले होते, आणि संधी मिळेल तेथे इतरांना ऐकविलेही होते.

रविवारी सकाळी मी बोळात गोणपाट अंथरले. मिस्त्रीने घातली होती तशीच सायकल पालथी घातली. डाव्या पेडलला पाना लावला, तो वर उभा धरला, पान्याच्या दांडीवर नळाच्या पाइपाचा तुकडा चढवून ती लांब केली, दांडा फिरू नये म्हणून तो दोरीने फ्रेमला करकचून बांधला, आणि वडिलांचे स्मरण करून मागच्या चाकाकडे ओढले.

ते किंचित हलले.

"हललं!" मी ओरडलो. "ऐकलंस का? हललं!"

माझी बायको दाराशी आली. "काढा मग."

मी पुन्हा ओढले. आता ते मुळीच हलेना. मी उजव्या पेडलकडे वळलो. तेही त्याच मंत्राने केसभर हलले आणि तेथेच थिजले. मी पुन्हा डाव्याकडे आलो. पाना घसरला आणि बोटांची कातडी सोलून निघाली. बायकोने फडके आणून बोटांना बांधले.

"अहो, पेडल काढताय की दात?"

"तुला चेष्टा सुचते आहे."

"दात काढताना ज्याचा दात तो ओरडतो. इथं काढणाराच ओरडतोय."

मी दुपारपर्यंत झटलो. उकळते पाणी आसावर थेंबथेंब सोडले. पाइपावर लोंबकळलो. जेवणावरही माझे लक्ष नव्हते. ताई आतल्या खोलीत कापड बेतीत बसली होती. ती एकदाही बाहेर आली नाही. तिच्या कात्रीचा आवाज मात्र येत होता, आणि मी धडपडलो की तो आवाज थांबे. संध्याकाळी मिस्त्री करवत घेऊन येणार होता. वडिलांच्या हातचे ते लाकूड माझ्या नाकासमोर होते. त्यावर ताईच्या तळव्याचा खळगा पडलेला होता, टाच टेकते तेथे खोल, बोटांकडे उथळ. एखादा सुतार त्याच उंचीचा ठोकळा करून देईल. तो खळगा कोठून आणील? आज कुठे दुखले, असे रोज कोण विचारील?

अखेर मी हात टेकले, आणि गोणपाटावरच बसून राहिलो. तेव्हा कात्रीचा आवाज थांबला आणि ताई बाहेर आली. तिने आधी माझी बोटे पाहिली, मग सायकल.

"ही पालथी का घातलीस रे?"

"सगळे अशीच घालतात. मिस्त्रीनंही अशीच घातली होती."

"बाबा नाही घालायचे."

"म्हणजे?"

"अरे, विसरलास? शाळा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी ते पेडलं काढून ग्रीस लावायचे. सायकल सरळ उभी असायची. पुढचं चाक भिंतीला, आणि मी वर बसलेली." ती हसली. "तू खाली पाना धरून उभा असायचास. नाक पुसत."

मला एकाएकी ते दृश्य दिसले. आमच्या जुन्या घराची भिंत, तिला टेकलेले चाक, वर दोन वेण्या घातलेली ताई, आणि खाली बसलेले वडील. सायकल उभी होती. मी उठलो आणि पालथ्या सायकलीकडे पाहू लागलो. मागचे चाक मागेच होते; परंतु खालचे वर झाले होते आणि वरचे खाली. उभ्या सायकलीला पाना वर धरून मागे ओढला की पेडल सुटते. तीच सायकल पालथी घातली आणि तोच पाना तसाच वर धरून मागे ओढला, तर पेडल आवळले जाते. मी सकाळपासून दोन्ही पेडले आवळीत होतो. सकाळी जे हलले म्हणून मला परमानंद झाला, ते घट्ट होताना हलले होते.

हे मी दोघींना सांगितले. बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की हळहळते आहे हे मला कळले नाही. बहुधा दोन्ही असावे.

एवढ्यात मिस्त्री आला. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेली करवत होती. त्याला हकीकत सांगणे प्राप्तच होते.

"वा, बाइंडर!" तो म्हणाला. "पुस्तक उलटं धरून वाचलंत होय? अन् वाचलंत तेही अगदी शेवटच्या पानापर्यंत!" परंतु पाना लावून पाहताच तो गंभीर झाला. "मी बरोबर बाजूला फिरवलं होतं, तरी हाललं नव्हतं. आता तर तुम्ही मजबूत करून ठेवलंय. मास्तरीणबाई, मला वाटतं आता कापावंच." आणि तो कागद सोडू लागला.

"मिस्त्री, आता तुम्ही थांबा," ताई म्हणाली.

उभ्या आयुष्यात त्याला हा शब्द कोणी ऐकविला नसावा. तो खरोखरच थांबला.

"छोट्या, सायकल सरळ कर. पुढचं चाक भिंतीला लाव. मी बसते."

"वन्सं, नळ्याला चीर आहे!" बायको म्हणाली. "मोडली तर?"

"मोडू दे. तिला आता कुठं जायचंय?"

मिस्त्रीने हँडल दोन्ही हातांनी धरले. ताई सीटवर चढली. तिने दांडे आडवे केले, उजवे पेडल पुढे आणि डावे मागे, आणि उजवा पाय पेडलवर ठेवला.

"बाबा पाना मागच्या बाजूला आडवा धरायचे अन् खाली दाबायचे," ती म्हणाली. "मला सांगायचे, 'तू फक्त चढणीवर आहेस असं समज.' मी समजायची."

मी डाव्या पेडलला पाना लावला. दांडी मागच्या चाकाकडे आडवी केली आणि पाइप चढविला. आता मला त्या रचनेचा अर्थ लागला. मी मागे खाली दाबणार, ती पुढे खाली दाबणार. तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे तो दांडा मधल्या मध्ये अडकणार. तिच्या रेट्याने सायकल पुढे जाऊ पाहील, तर पुढे भिंत. मिस्त्रीच्या फळीला जे जमले नव्हते ते काम ताईचे वजन करणार होते.

"चढण आली," मी म्हणालो.

ताई सीटवरून उठली आणि उजव्या पायावर उभी राहिली. मी पाइपावर छाती टेकली. चाक भिंतीत रुतल्यासारखे झाले. नळा करकरला. मिस्त्री दात आवळून म्हणाला, "अजून... अजून..." आणि सुपारी फोडल्यासारखा एक स्वच्छ आवाज आला.

मी पाना काढून पाहिले. आसाच्या मुळाशी गंजाची एक नवी, तांबूस रेघ उघडी पडली होती.

"सुटलं," मी म्हणालो.

"काढू नकोस अजून. नुसतं सैल ठेव. दुसरं राहिलंय," ताई म्हणाली.

दुसरे म्हणजे उजवे. ते सुटावयाचे तर दांडे उलट करून डावा पाय पुढे हवा होता. सगळे वजन डाव्या पायावर यावयास हवे होते. हे आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आले.

"मास्तरीणबाई, तुम्ही उतरा," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "ह्या बाजूला मी उभा राहतो. बाइंडर हँडल धरतील, दाबायला वहिनी येतील."

ताईने दांडे फिरवून डावे पेडल पुढे आणले आणि डावा पाय ठोकळ्यावर ठेवला. टाच खळग्यात बसली.

"हा ठोकळा तुमच्या पायाच्या मापाचा नाही," ती म्हणाली. "छोट्या, लाव पाना."

मी पाना लावला आणि दाबू लागलो. ती उठली. तिची मांडी थरथरू लागली. तिने मिस्त्रीचा खांदा इतका घट्ट धरला की तिची बोटे पांढरी पडली. बायकोने डोळे मिटून घेतले. मी क्षणभर जोर कमी केला.

"कच खाऊ नकोस!" ताई ओरडली. "बाबा खात नव्हते!"

मग मी काही राखून ठेवले नाही. पाना एकदम खाली गेला आणि मी गोणपाटावर तोंडघशी पडलो. सुपारी फुटल्याचा तो आवाज मी ऐकलाच नाही. तो झाला हे मला इतरांनी मागाहून सांगितले. त्याच वेळी सायकलीच्या नळ्याची चीर बोटभर उघडली. त्या सायकलीने आपले शेवटचे काम केले होते.

ताई खाली उतरली आणि पायरीवर बसली. बराच वेळ ती मांडी चोळीत होती. मग ती स्वतःशीच हसू लागली.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही गं. मला आजवर वाटायचं, बाबा माझे लाड करायचे. हा खाली उभा, अन् मी वर राणीसारखी." तिने डोळे पुसले. "लाड कसले? कामाला लावलं होतं मला. माझ्यावाचून त्यांचं अडत होतं."

दोन्ही पेडले मग हातानेच पिळून निघाली. मिस्त्रीने तारेच्या ब्रशाने आटे घासले, नव्या सायकलीची पेडले काढली. करवत कागदात पुन्हा गुंडाळताना तो म्हणाला, "काय करायचं हिचं आता, उगीच घेऊन आलो," परंतु ते म्हणताना त्याला फार आनंद झालेला दिसत होता. ग्रीस लावावयाचे काम ताईने कोणाला दिले नाही. बोटावर घेऊन तिने ते एकेका आट्यात भरले. शेवटी मी पाना घेतला.

"किती आवळू?"

"पुढच्या वर्षी परत काढायचंय, एवढं ध्यानात ठेवून आवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीप्रमाणे माझी सायकल दारात घट्ट धरून उभा राहिलो. ताई मागून आली, तिने माझ्याकडे पाहिले, कात्र्यांची पिशवी माझ्या रिकाम्या कॅरिअरवर ठेवली आणि म्हणाली, "हिला बसव. हिला सवय झालीये." मग ती आपल्या सायकलीवर चढली. ठोकळा खाली गेला, तिचा पाय त्याच्याबरोबर खाली गेला, आणि वर आला.

पुलाच्या चढणीवर मी मागे पडलो. उतारावरही ती माझ्या हाती लागली नाही. वर्गाच्या अलीकडच्या वळणावर माझे हात आपोआप ब्रेकवर गेले आणि मी थांबलो. ती थांबली नाही. पिशवी माझ्याकडे राहिली आहे हे मला दारातून घंटेचा आवाज आल्यावर आठवले, आणि ती देण्यासाठी मी धापा टाकीत तिच्या मागे गेलो.